पंधरा एचपीचं आउटबोर्ड, आठ महिन्यांनंतर: सगळं त्या धारेवर

गेल्या महिन्यात गोराईसमोर आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेलं मशीन, बंद करून आम्ही चौघं पॅगोड्याचा सोनेरी घुमट बघत पाऊण तास डुलत बसलो. त्या पाऊण तासाचं बिल ९,७०० रुपये झालं. त्याच रागात हे लिहायला घेतलंय. सीसी, सिलिंडर, वजन वगैरे माहितीपत्रकात आहे, तिथे बघा. मी धारेबद्दल लिहिणार.

वापरणाऱ्यांना माहीत असतं. पंख्याच्या वर, पाण्याखाली जाळी असते. तिथून रबरी इम्पेलर (पंपातलं पात्यांचं चाक) समुद्राचंच पाणी ओढतो, ते इंजिनाला थंड करून बाहेर जातं आणि त्यातलं थोडं मागच्या बारीक छिद्रातून उडत राहतं. धार आहे म्हणजे पंप जिवंत आहे. आमची होडी वेसाव्याला (वर्सोव्याला) ज्यांच्याकडे उभी असते ते तांडेल काका या धारेला जे म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. तान्ह्या पोरांशी संबंधित आहे एवढंच सांगतो.

मशीन बनवणाऱ्यांनी स्वच्छ समुद्र डोळ्यांसमोर ठेवला असणार. वेसाव्याच्या खाडीत समुद्र कमी आणि पिशव्या जास्त. नोव्हेंबरात पहिल्यांदा दुधाची पिशवी जाळीला चिकटली, धार गेली, इंजिन तापल्याचा अलार्म बोंबलला, वेग आपोआप पडला. पुस्तिकेत लिहिलंय, इंजिन बंद करा, वर उचला, अडकलेलं काढा. काकांनी फोनवर दोन शब्दांत सांगितलं, "रिव्हर्स मार." मारला. पिशवी निघाली. तेव्हापासून खाडीतून बाहेर पडेपर्यंत एक जण मागे तोंड करून फक्त धार बघत बसतो. मित्रांबरोबरची समुद्रसफर म्हणतात ती हीच.

बाकी मशीन चांगलं आहे, हे कबूल करायला हवं. चौघं आणि डबे घेऊन आठ नॉट आरामात. पाऊण थ्रॉटलला तासाला साडेचार लिटर पेट्रोल, मी डायरीत लिहून काढलंय, कारण लिटर शंभराच्या वर आणि आमच्यातला एक जण हिशेबाला बसला की ऑडिटर होतो. जानेवारीत पहाटेच्या मतलई वाऱ्यावर वसईपर्यंत गेलो. पाणी ताटासारखं सपाट. किल्ला दिसल्यावर दुसऱ्या मित्राने १७३९, चिमाजी अप्पा आणि सुरुंग असं पूर्ण व्याख्यान दिलं, आणि ते शब्दन् शब्द ऐकू आलं, म्हणजे आवाज किती कमी आहे बघा. जुन्या टू स्ट्रोकवर एवढं ऐकावं लागलं नसतं.

आता गोराई. धार गेली. रिव्हर्स मारला, काही नाही. जाळी बघितली, साफ. अलार्म मात्र वाजला नव्हता, ही गोष्ट लक्षात ठेवा. घाबरून बंद केलं, एका मच्छीमार बोटीने ओढत आणलं, त्यांचे १,५०० (पापलेट घेतलं असतं तर कमी केले असते म्हणाले). सर्व्हिस सेंटरने पूर्ण पंप किट बदललं, ८,२००. वॉरंटी? "सर, रबर पार्ट कव्हर नाही." जुना इम्पेलर मागितला तर टाकून दिला म्हणाले. मी भांडलो. भांडून काय, तिथल्या चहाचे तरी पैसे घेतले नाहीत.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि शेवटची ओळ होती "घेऊ नका". ती मागे घेतो.

परवाच्या रविवारी पुन्हा धार गेली. नव्या इम्पेलरसकट! या वेळी काका होडीत होते. ते शांतपणे उठले, खिशातून जाड तंगुसाचा (मासेमारीच्या नायलॉन दोरीचा) वीतभर तुकडा काढला, छिद्रात घातला, दोनदा ढवळला. वाळूचे चार कण पडले आणि धार सुरू. पंपाला काहीच झालं नव्हतं, धारेच्या नळीचं तोंड बुजलं होतं. दोन्ही वेळेला आम्ही आदल्या फेरीत जेवण लांबवून सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाडीत शिरलो होतो. खाडीच्या तोंडाशी गाळ साचलाय, कमी पाण्यात पंखा तळ घुसळतो आणि मशीन तेच पितं. आत पाणी फिरत होतं, इंजिन तापलंच नव्हतं; अलार्म न वाजण्याचा अर्थ हा होता. म्हणजे पहिल्या वेळचं ओढणं आणि किट, दोन्ही माझ्या अज्ञानाचं बिल. चौघांत वाटून माणशी २,४२५. ऑडिटरने अजून दिलेले नाहीत.

म्हणून सुधारित मत असं: घ्या, पण भरती बघून निघा आणि भरतीलाच परत या. दर फेरीनंतर ड्रममध्ये गोड्या पाण्यात दहा मिनिटं चालवा. आमचा २०० लिटरचा निळा ड्रम आहे, पाणी काकांच्या घरचं, आणि त्यावरून काकू जे बोलतात ते त्यांचं बरोबर आहे.

१ जूनपासून मासेमारी बंद, कोळीवाड्यातल्या बोटी वर येतील, त्यांच्याबरोबर आमचंही मशीन उतरवणार. सर्व्हिस सेंटरने व्हॉट्सॲपवर पावसाळी देखभालीचं साडेचार हजारांचं पॅकेज पाठवलंय. उत्तरादाखल मी तंगुसाचा फोटो पाठवला. निळ्या टिका आल्यात, बाकी काही नाही.