मैदान की खंदक? कमी खर्चाच्या युद्धपटापुढील दोन मार्ग
पहिल्या महायुद्धातील सामान्य सैनिकांवर कमी खर्चात चित्रपट करायचा असेल, तर दिग्दर्शकापुढे दोन मार्ग असतात: मोजक्या कलाकारांची गर्दी संगणकावर वाढवून मोठा हल्ला दाखवणे, किंवा कॅमेरा खंदकातच ठेवून लढाई आवाजातून उभी करणे. पहिल्या मार्गाने युद्धाचा आवाका कळतो. १ जुलै १९१६ रोजी, फ्रान्समधील सोम नदीकाठच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, ब्रिटिश सैन्याचे ५७,००० हून अधिक सैनिक मृत, जखमी वा बेपत्ता झाले, हे पाहता तो मोह समजण्यासारखा आहे. पण अपुऱ्या पैशांतले स्फोट पडद्यावर लगेच उघडे पडतात.

दुसरा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो. स्फोटाचा किंवा गोळीबाराचा मारा सरळ रेषेत लांबवर पोहोचू नये म्हणून खंदक नागमोडी खणले जात, त्यामुळे सैनिकाला पुढच्या वळणापलीकडचे फारसे दिसतच नसे, आणि तेवढीच चौकट छोट्या निर्मात्याला परवडते. पहाटे हल्ल्याच्या धास्तीने संगीन लावून उभे राहणे, चिखलाने पाय सडू नयेत म्हणून मोजे बदलून व्हेल माशाचे तेल चोळणे, ही दृश्ये स्वस्तात होतात आणि खरीही असतात. मात्र येथे अभिनय किंवा ध्वनी कच्चा राहिला, तर तो झाकायला काहीच उरत नाही.