पाय 5 वर ग्नोसिस स्टेकिंग, आठ महिने: मशीन चांगलं, भानगड सगळी 5 व्होल्टची

ग्नोसिस ही इथेरियमसारखी ब्लॉकचेन; मुद्दल अनामत ठेवून तिचे व्यवहार तपासायचे आणि त्यावर कमवायचं, हे स्टेकिंग. त्यासाठीचं माझं मशीन, म्हणजे नोड: 8 जीबीचा रास्पबेरी पाय 5 हा छोटा संगणक, 1 टीबीची एनव्हीएमई डिस्क, आणि नेदरमाइंड व निंबस ही ग्नोसिसची दोन सॉफ्टवेअर. वेगाबद्दल तक्रार नाही. ग्नोसिसवर व्हॅलिडेटरला, म्हणजे तपासणाऱ्याला, दर 80 सेकंदांत एक अटेस्टेशन (सहीनिशी मत) द्यायचं असतं, तेवढा दम यात आहे. 9 वॅट धरले तर महिन्याला साडेसहा युनिट. जुना डेस्कटॉप रात्रंदिवस चालवणाऱ्यांनी आपलं बिल काढून बघावं.

तक्रार करंटची. नोड मधेच रीस्टार्ट व्हायचा. परभणीचा मे, खोलीतच चाळीस, म्हणून आधी सगळा दोष उन्हाला दिला आणि कूलर बसवला. तापमान 80 च्या खाली आलं, रीस्टार्ट तसेच. मग व्हीसीजेनसीएमडी या पायच्या तपासणी कमांडनं गेट_थ्रॉटल्ड विचारलं तर उत्तरात 50000. यातला एक बिट सांगतो की व्होल्टेज मधे कधीतरी पडलं होतं. ते काही उन्हानं पडत नाही.

चोर निघाला मोबाइलचा 65 वॅटचा चार्जर. खोक्यावर 65, पण 5 व्होल्टला देतो फक्त 3 अँपिअर; बाकीची ताकद 9 नि 20 व्होल्टला. पाय 5 ला 5 व्होल्टलाच 5 अँपिअर हवेत. 27 वॅटच्या अॅडॉप्टरचे पैसे वाचवायला गेलं की असं होतं. डिस्कवर लिहिता लिहिता करंट गेला, नेदरमाइंडचा डेटाबेस बिघडला, पुन्हा सगळं सिंक, म्हणजे ब्लॉकचेनचा डेटा नव्यानं उतरवणं.

अॅडॉप्टर बदलल्यावर उरला इन्व्हर्टर. लाइट गेली की तो बॅटरीवर यायला जो क्षण घेतो, तेवढ्यात पाय बंद. मागचं बटण 'यूपीएस'वर केलं की हे थांबतं, असं मी इथं ठासून लिहिणार होतो. पण रब्बीत मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज 170 वर येतं, आणि यूपीएस मोड 180 च्या आसपासच लाइन सोडतो. लाइट असूनही घर बॅटरीवर, आणि खरी लाइट जाते तेव्हा बॅटरी रिकामी! शेवटी बटण परत 'नॉर्मल'वर.

आता पायला वेगळी 12 व्होल्ट 7 एएचची सीलबंद बॅटरी, ती कायम भरलेली ठेवणारा 13.7 व्होल्टचा फ्लोट चार्जर, प्लसच्या वायरला बॅटरीजवळच 3 अँपिअरचा फ्यूज, आणि 12 चे 5 व्होल्ट करणारा 5 अँपिअरचा बक कन्व्हर्टर. पाय जोडण्याआधी मीटर लावून 5.1 व्होल्टवर सेट करा. वायर जाड आणि वीतभरच. लांब बारीक वायरीतच पाव व्होल्ट जातो. असल्या सप्लायला पाय 3 अँपिअरचाच समजतो, म्हणून ईईप्रॉममध्ये (पायच्या सेटिंगच्या चिपमध्ये) पीएसयू_मॅक्स_करंट 5000 करावं लागतं. चार-पाच तास निघतात. फायबरचा डबाही बॅकअपवर हवा, नाहीतर पाय जागा आणि नेट झोपलेलं.

नोड दोन तास बंद राहिला तर दंड साधारण तेवढ्या वेळच्या कमाईएवढाच, म्हणजे चिल्लर. त्या घाईत व्हॅलिडेटरच्या सहीच्या त्याच डिजिटल किल्ल्या दुसऱ्या मशीनवर टाकून चालू करू नका. लाइट आली की दोन्ही जागे होतात, दोन्ही सह्या करतात, आणि स्लॅशिंगमध्ये, म्हणजे दुहेरी सहीच्या शिक्षेत, मुद्दल कापलं जातं.