ब्वेनोस आयरेस ते सांतियागो विमानमार्ग : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कामामुळे गेले काही महिने अर्जेंटिनाची राजधानी ब्वेनोस आयरेस आणि चिलीची राजधानी सांतियागो या दोन शहरांत माझी ये-जा सुरू आहे. सरळ हवाई अंतर साधारण ११४० किमी, मेंदोसा शहरामार्गे रस्त्याने सुमारे १४०० किमी. पण वेळेचं गणित नुसत्या अंतरावर बसत नाही, कारण मध्ये अँडीज पर्वतरांग आहे आणि तिथे वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. त्यामुळे सांतियागोला जाताना सव्वादोन तास किंवा थोडे जास्तच लागतात, येताना तेच विमान दोन तासांच्या आसपास पोचतं.

हा वारा किती ताकदीचा असतो याची एक दुःखद साक्ष आहे. २ ऑगस्ट १९४७ रोजी याच मार्गावरचं 'स्टार डस्ट' नावाचं ब्रिटिश विमान ११ जणांसह बेपत्ता झालं. अवशेष सापडले ते थेट पन्नासेक वर्षांनी, तुपुंगातो शिखराच्या हिमनदीत. ढगांवरून उडताना समोरच्या जोरदार वाऱ्याने विमानाचा वेग बराच घटला होता. डोंगर ओलांडले असं समजून वैमानिकांनी ते खाली आणलं असावं, असं मानलं जातं. आता उपकरणं चांगली आहेत, तरी डोंगर जवळ आले की कर्मचारी कॉफीचे कप गोळा करून स्वतःही बेल्ट लावून बसतात. धक्के बसतात, कधी चांगलेच बसतात. घाबरू नका, पण बाथरूमला त्याआधीच जाऊन या.

सीट घेताना जाताना उजवी खिडकी, येताना डावी. हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगते. मेंदोसाजवळचे द्राक्षमळ्यांचे हिरवे चौकोन मागे पडतात, मग कोरडे तपकिरी डोंगर, आणि हवा स्वच्छ असेल तर ६९६१ मीटर उंच अकोंकाग्वा शिखराचा बर्फाळ दक्षिण कडा अगदी शेजारी असल्यासारखा दिसतो. कितीही वेळा पाहिला तरी मी हातातलं काम बाजूला ठेवते. त्यानंतर थोड्याच वेळात सांतियागो येतं, त्यामुळे विमान भराभर खाली उतरतं आणि कानांना दडे बसतात.

घड्याळाकडे नीट लक्ष द्या. अर्जेंटिना वर्षभर एकच वेळ पाळते. चिली एप्रिलपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत एक तास मागे असते, उरलेल्या महिन्यांत, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, दोन्हीकडे सारखी वेळ. म्हणून तिथल्या हिवाळ्यात तिकिटावर जाताना दीड तासापेक्षा कमी आणि येताना तीन तास दिसतात. पुढच्या मीटिंगा त्यावरून ठरवू नका.

ब्वेनोस आयरेसमध्ये एझेइसा विमानतळ शहरापासून तीसेक किलोमीटर लांब आहे, एरोपार्के मात्र शहरातच, नदीकाठी. तिकीट थोडं महाग असलं तरी मी एरोपार्केच घेते. टॅक्सीचा वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात.

आपल्या लोकांसाठी खास सूचना : चिलीत उतरल्यावर शेतीखात्याची तपासणी कडक असते, कुत्रे सामान हुंगतात. फळं, बिया, मध, मांस, दुधाचे पदार्थ, सगळं फॉर्मवर लिहायचं. डब्यातले तीळ, मेथ्या, गोडा मसालासुद्धा बिनधास्त लिहा. फार तर काढून घेतात. लपवलं तर दंड मोठा बसतो.

बसने वीसेक तास लागतात आणि हिवाळ्यात बर्फामुळे घाट कधीकधी दिवसेंदिवस बंद राहतो. उन्हाळ्यात सवड असेल तर एकदा बसने जरूर जा, चिलीच्या बाजूची नागमोडी वळणं पाहण्यासारखी आहेत. कामासाठी मात्र विमानच, आणि तेही सकाळचं.