सोलर वॉटर हीटर: एक पावसाळा आणि नाशिकचा एक हिवाळा वापरल्यानंतर

आधी निकाल सांगते. चार-पाच माणसांचं घर असेल, गच्ची स्वतःची असेल आणि थंडीतलं विजेचं बिल डोळ्यांत पाणी आणत असेल, तर सोलर वॉटर हीटर जरूर बसवा. पण कंपनी निवडण्यात जितका वेळ घालवाल त्याच्या दुप्पट वेळ पाइपलाइनवर घाला. आमच्या घरी या हिवाळ्यात जो फायदा झाला त्यातला मोठा वाटा पाइपचा आहे. शेजारच्या दोन घरांत हाच प्रकार बसूनही लोक वैतागलेत, त्याचंही कारण पाइपच.

आमचं रो हाऊस आहे. घरात पाच माणसं, सासूबाईंचं बाथरूम खाली, आमचं आणि मुलांचं वर. एरवी महिन्याला 180-190 युनिट पडतात. डिसेंबर-जानेवारीत तेच 310-320 वर जायचे. थंडीत पंखे बंद, कूलर बंद, फ्रिजलाही काम कमी, तरी बिल वर. बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा जो आलेख छापलेला असतो तो बघा, तुमच्याकडेही बहुधा हेच दिसेल. हे सगळे युनिट पाणी तापवण्याचे.

हिशेब सोपा आहे. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी 28 अंशांवर असतं, ते 40 पर्यंत न्यायचं म्हणजे 12 अंश. जानेवारीत तेच पाणी सकाळी 17-18 अंशांवर येतं आणि थंडीत आंघोळीला 42 तरी हवं. म्हणजे तेवढ्याच बादल्यांना दुप्पट वीज. शंभर लिटर पाणी 18 वरून 42 अंशांवर न्यायला जवळपास 2.8 युनिट लागतात. यात गिझर कुठल्याही कंपनीचा घेतला तरी फरक पडत नाही. गिझरवरचे स्टार हे तापलेलं पाणी टाकीत किती कमी निवतं याचे असतात, पाणी तापवायला लागणारी वीज तेवढीच. आमच्या पाच जणांचं दीडशे लिटर धरलं तर दिवसाला चार-सव्वाचार युनिट, महिन्याचे सव्वाशेच्या पुढे.

आणि हे सव्वाशे युनिट नेमके महागड्या टप्प्यात पडतात. महावितरणचा दर 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 असा चढत जातो. शंभरच्या पुढे गेलात की युनिटचा दर दुपटीच्या आसपास जातो, वर वहन आकार (वीज तारांवरून घरापर्यंत आणण्याचा खर्च) आणि 16 टक्के वीज शुल्क. तीनशे ओलांडले की सगळं बिल वरच्या दराने लागतं अशी भीती बरेच जण घालतात, तसं नाही. वरचा दर फक्त वरच्या युनिटना लागतो. पण गिझरचे युनिट तुमच्या रोजच्या वापराच्या डोक्यावर चढून बसलेले असतात, त्यामुळे त्यांना कायम वरचाच दर पडतो. म्हणून काटकसर करायचीच तर गिझरपासून. दिवे बंद करत फिरून फारसं हाती लागत नाही.

आम्ही 200 लिटरचा, काचेच्या नळ्यांचा घेतला. या नळ्या दुहेरी काचेच्या असतात आणि दोन काचांमध्ये निर्वात पोकळी, थर्मासच्या बाटलीसारखी. उन्हाने नळीतलं पाणी तापतं, हलकं होऊन वरच्या टाकीत चढतं, थंड पाणी खाली उतरतं. मोटर नाही, वीज नाही. दुसरा प्रकार तांब्याच्या पत्र्याचा, सपाट पेटीचा. तो टिकाऊ असतो, पण त्याच्या नळ्या अरुंद, आणि आमच्याकडे बोअरचं पाणी क्षाराचं. ते क्षार तिथे धरतात आणि वाट बंद होते. जड पाणी असेल तर काचेच्या नळ्याच घ्या.

थंडीबद्दल माझ्या मनात जी धास्ती होती ती उलटीच निघाली. वाटायचं, निफाडचा पारा एक आकडी झाला की हे यंत्र काय कामाचं? प्रत्यक्षात कडाक्याची थंडी पडते ती आकाश निरभ्र असताना. रात्री ढगांचं पांघरूण नसतं म्हणून जमिनीची उष्णता निघून जाते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच निरभ्र आकाशातून लख्ख ऊन मिळतं. निर्वात पोकळीमुळे बाहेरच्या गार वाऱ्याचा नळ्यांवर फारसा परिणाम होत नाही. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नीचांकी तापमान नोंदलं गेल्याची बातमी ज्या दिवशी पेपरात आली, त्या संध्याकाळी आमच्या टाकीतल्या पाण्यात हात धरवत नव्हता. थर्मामीटर लावला तर पंचावन्नच्या पुढे. सकाळी पाच-सात अंश उतरलेलं, तरी विसण घालावंच लागतं.

त्रास ढगाळ हवेचा. डिसेंबरात जे मळभ येतं आणि द्राक्षबागायतदारांची झोप उडवतं, तेच आमचंही पाणी कोमट करतं. पहिला दिवस निभतो, दुसऱ्या दिवशी गिझर लावावाच लागतो. जुलै-ऑगस्टचं तर विचारूच नका, कित्येक दिवस पाणी फक्त गारवा मोडलेलं. म्हणून जुना गिझर काढून विकू नका. सोलरच्या टाकीत विजेची कॉइल बसवून देतो असं विक्रेते सांगतात, आम्ही ती नाकारली. दोनशे लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला साडेचार युनिटच्या वर जातात आणि ते पाणी गच्चीवर रात्रभर निवत बसतं. त्याऐवजी बाथरूममधल्या 15 लिटरच्या गिझरने लागेल तेवढंच तापवावं.

गिझर जोडताना मात्र बायपास हवाच. प्लंबर सोलरची लाइन सरळ गिझरच्या इनलेटला देऊन मोकळे होतात. मग गिझर बंद असला तरी आधी त्याच्या पोटातलं पंधरा लिटर गार पाणी बाहेर येतं आणि त्यानंतर सोलरचं गरम. आम्ही तीन व्हॉल्व्ह लावून घेतले आहेत. ऊन असेल तेव्हा पाणी गिझरला वळसा घालून थेट नळाला येतं. मळभ असेल तर कोमट पाणी गिझरमध्ये जातं आणि त्याला थोडंच तापवावं लागतं.

आता पाइप. गरम पाण्याच्या नळाला आधी गार पाणी येतं, ही सोलरबद्दलची सगळ्यांची तक्रार. पाऊण इंची पाइपमध्ये मीटरमागे साधारण पाव लिटर पाणी मावतं, एक इंचीत जवळजवळ अर्धा लिटर. टाकीपासून नळापर्यंत पंधरा मीटर पाइप असेल तर पाऊण इंचीत पावणेचार लिटर निवलेलं पाणी साठलेलं असतं, एक इंचीत सात लिटरच्या जवळ. ते प्रत्येक आंघोळीआधी बाहेर यायला हवं. बसवायला आलेल्या माणसाचा आग्रह होता की प्रेशर चांगलं मिळेल म्हणून एक इंची टाका आणि दिसायला नको म्हणून मागच्या डक्टमधून फिरवून आणा. मी ऐकलं नाही. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा पाइप), सगळ्यात जवळच्या भिंतीवरून सरळ खाली, आणि पूर्ण लांबीला काळं रबरी इन्सुलेशन. उन्हाने ते रबर तडकतं म्हणून गच्चीवरच्या भागाला वरून टेप गुंडाळून घेतली. भिंतीवरून पाइप दिसतो, दिसू दे. वरच्या बाथरूमला अर्ध्या बादलीच्या आत गरम पाणी येतं, खाली सासूबाईंकडे थोडं जास्त लागतं. ते पहिलं गार पाणी बादलीत धरून ठेवायचं, विसणायला तेच वापरायचं. थेंब वाया जात नाही.

पाणी कधी काढता याचाही परिणाम होतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गरम पाणी जितकं काढाल तितकं थंड पाणी टाकीत शिरतं. दुपारी बारापर्यंत काढलेलं उरलेल्या उन्हात पुन्हा तापतं. संध्याकाळी सातला काढलेलं थेट उद्या सकाळच्या वाट्यातून वजा होतं. आमच्याकडे सासूबाईंची आंघोळ आता अकराला असते, ऊनही अंगावर येतं आणि पाणी कढत मिळतं. धुणं-भांड्याला गरम पाणी हवं असेल तर तेही दुपारच्या आत. सकाळी पाचही जणांनी ओळीने आंघोळी केल्या तर पाचव्याला कोमटावर भागवावं लागतं.

बसवताना जागेचंही बघा. नळ्यांचं तोंड दक्षिणेला हवं. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून 47 अंशांच्या आसपासच चढतो, त्यामुळे मे महिन्यात मोकळी वाटणारी जागा हिवाळ्यात शेजारच्या जिन्याच्या खोलीच्या सावलीत जाऊ शकते. शिवाय गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच लागते. आमची टाकी उचलून विटांचा ओटा बांधावा लागला, तो खर्च कोटेशनमध्ये नव्हता.

सगळं मिळून चाळीस हजारांच्या आत पडलं. डिसेंबर-जानेवारीत युनिट दोनशेच्या आसपास राहिले, म्हणजे महिन्याला बाराशे ते पंधराशे रुपयांचा फरक. पण हा आकडा बाराने गुणू नका. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरची टाकीच पाणी तापवते आणि पावसाळ्यात बचत नावापुरती. माझ्या अंदाजाने पैसे फिटायला पाच वर्षं लागतील. विक्रेते दोन वर्षं सांगतात.

अनुदानाबाबत लोकांचा गोंधळ होतो. पीएम सूर्य घर योजनेतले 78 हजारांपर्यंतचे पैसे वीज बनवणाऱ्या पॅनेलसाठी आहेत, पाणी तापवणाऱ्या सोलरसाठी नाहीत. पुणे महापालिका सोलर असलेल्या घरांना मालमत्ता करात सवलत देते, तुमच्या पालिकेत चौकशी करा.

गॅस गिझरचं काहीजण विचारतात. वरच्या टप्प्यातल्या विजेपेक्षा तो स्वस्त पडतो हे खरं, पण बंद बाथरूममध्ये तो कधीही लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस आंघोळीला जातो आणि बाहेर येत नाही. लावायचाच तर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत.

देखभाल फार नाही. महिन्यातून एकदा नळ्यांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसायची, तीही सकाळी लवकर. भर उन्हात रिकाम्या तापलेल्या नळीत गार पाणी शिरलं तर काच तडकते, म्हणून टाकी रिकामी झाली की दुपारी घाईने भरू नका, संध्याकाळ होऊ द्या. एक नळी फुटली तरी सगळी टाकी तिथून रिकामी होते, त्यामुळे गच्चीवर मुलांचं क्रिकेट बंद. वर्षातून एकदा खालचा ड्रेन व्हॉल्व्ह उघडून गाळ काढायचा. आमची पहिली वेळ मे महिन्यात आहे, किती क्षार निघतो ते बघून पुढचं ठरवेन.