म्हापशातला ग्रुंडिग रेडिओग्राम : ५५ हजार द्यावेत का?

म्हापसा-हणजूण रस्त्यावरच्या एका जुन्या फर्निचरच्या दुकानात सध्या तीन रेडिओग्राम, म्हणजे एकाच कपाटात रेडिओ आणि तबकड्यांचा प्लेअर असलेले सेट, उभे आहेत. पहिल्याची मागणी ५५ हजार, दुसऱ्याची २२, तिसऱ्याची ‘बोलून ठरवू’. हे परीक्षण मुख्यतः पहिल्याचं आहे, कारण विचारणा त्याचीच जास्त होते.

पहिला म्हणजे ग्रुंडिगचा जर्मन कन्सोल. डावीकडे झडपेमागे रेडिओ, उजवीकडे चेंजर, म्हणजे तबकड्या एकामागून एक आपोआप पाडून वाजवणारा प्लेअर, खाली तबकड्या उभ्या ठेवायचा कप्पा. गोव्यातल्या घरांत सालात, म्हणजे दिवाणखान्यात, खिडकीखाली असायचा तोच प्रकार. त्याच्यावर ‘अँटिक, १२५ वर्षं जुना’ अशी चिठ्ठी लावली आहे. १२५ वर्षांपूर्वी ऐकायला स्टेशनच नव्हतं, हे चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही. १९७२च्या पुरावशेष कायद्यात अशा वस्तूला पुरावशेष म्हणायला किमान १०० वर्षं भरावी लागतात, तेव्हा ‘अँटिक’ शब्दाचे वेगळे पैसे इथे द्यायचे नाहीत. दुर्मिळ म्हणूनही द्यायचे नाहीत. १९६१पर्यंत पोर्तुगीज अमलात जर्मन आणि डच माल गोव्यात सहज उतरत असे, त्यामुळे मुंबई-पुण्याला अपूर्वाईचा वाटणारा ग्रुंडिग इथल्या जुन्या घरांतून अजूनही निघतो.

खरं वय सेटच सांगतो. बटणांवर यू, के, एम, एल अशी अक्षरं आहेत. यू म्हणजे यूकेडब्ल्यू, आपलं एफएम. जर्मनीत ते १९४९पासून, म्हणजे सेट त्यानंतरचा. मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढलं की ईसीसी८५, ईसीएच८१, ईएफ८९, ईएबीसी८०, ईएल८४ आणि जादूचा डोळा (स्टेशन नीट लागलं की नाही ते हिरव्या उजेडाने दाखवणारी नळी) ईएम८० असा व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, संच दिसतो. हा पन्नाशीच्या दशकाच्या मध्याचा आणि त्यापुढचा. चेंजरला १६, ३३, ४५, ७८ असे चार वेग आहेत, पण पिकअप (सुईचा हात) मोनो. स्टिरिओ एलपी १९५८मध्ये बाजारात आल्या. म्हणजे १९५५ ते ५८च्या आसपास. चॅसिसवरच्या मोठ्या कपॅसिटरवर महिना आणि वर्ष छापलेलं असेल तर पक्कंच होतं, टॉर्च मारून तेवढं वाचावं.

आता ‘चालू आहे’ या दाव्याबद्दल. दुकानात बटण दाबताक्षणी आवाज आला तर समजावं की आतला रेडिओ बोलत नाही. व्हॉल्व्ह तापायला २०-३० सेकंद लागतात, आधी डायलचा दिवा लागतो, मग डोळ्यात हिरवा उजेड चढतो, मग गुरगुर आणि त्यानंतर स्टेशन. या सेटमध्ये स्पीकरच्या मागे ब्लूटूथचा छोटा बोर्ड बसवलेला आहे आणि स्पीकरच्या मूळ तारा कापून त्याला जोडल्या आहेत. तारा परत जोडता येतात, त्याचं दुःख नाही. पण ‘वर्किंग कंडिशन’चे जे दहा हजार मागणीत धरलेत ते वजा करायचे. उलट कोणी हौसेने सेट थेट २३० व्होल्टवर लावून दाखवत असेल तर त्याला थांबवावं. इतक्या वर्षांचे कागदी कपॅसिटर गळके झालेले असतात. त्यातला ईएल८४ या आवाज वाढवणाऱ्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला जाणारा एक गळला की व्हॉल्व्हला नको तेवढा करंट ओढावा लागतो, त्याच्या आतली प्लेट लाल होते, आणि त्यापाठोपाठ स्पीकरला जोडलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो.

लावायचाच असेल तर १०० वॅटचा जुना तारेचा पिवळा बल्ब (एलईडी नव्हे) सिरीजमध्ये, म्हणजे वीज त्यातून जाऊन मगच सेटला पोचेल असा घालून लावावा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक, झगझगीत पेटून राहिला तर लगेच बंद. त्याआधी मागचा व्होल्टेज सिलेक्टर पाहावा. ११०वर ठेवलेला सेट आपल्या विजेवर लावला तर पुढचं परीक्षण भंगारवाल्याने करायचं. २४०चा खाच असेल तर २२०पेक्षा तोच बरा. व्हॉल्व्हची नावं ई ऐवजी यू अक्षराने सुरू होत असतील (यूसीएच८१, यूएल८४) तर त्या जातीच्या बऱ्याच सेटांत मेन्स ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चॅसिसलाच वीज असते. तिथे उघड्या पाठीत हात घालायचा नाही.

वीज न लावताही मल्टिमीटरने बरंच कळतं. सेटचं बटण दाबून प्लगच्या दोन पिनांमध्ये वीस-पन्नास ओहम यावेत. मीटर हललाच नाही तर फ्यूज, स्विच किंवा ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी तुटलेली आहे. ईएल८४च्या सॉकेटची ७ नंबरची पिन आणि मोठ्या कपॅसिटरचं धन टोक यांत २०० ते ६०० ओहम आले म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर जिवंत. या सेटचे दोन्ही ट्रान्सफॉर्मर चांगले निघाले, आणि सौद्यातली ही सगळ्यात मोठी जमेची बाजू. घरच्या विजेची डीसी करणारा सेलेनियम रेक्टिफायर मात्र थकलेला असणार. तो जळला तर सडलेल्या मुळ्यासारखा घाण वास सुटतो, आणि तो धूर विषारी असतो. सिलिकॉन डायोड बसवताना सोबत रेझिस्टन्स घालायला मेकॅनिकला सांगावं, नाहीतर आतलं व्होल्टेज वाढून बाकीचे भाग मरतात.

आता डायलची काच. हिल्व्हरसम, बेरोम्युन्स्टर, लक्झेंबर्ग ही नावं काचेच्या मागच्या बाजूला रंगाने छापलेली असतात. ओल्या फडक्याने आतून पुसलं की शहरंच्या शहरं निघून येतात. व्हॉल्व्ह मिळतो, कपॅसिटर मिळतो, ही काच मिळत नाही. या सेटवर लक्झेंबर्गचा शेवट आणि एफएमचे दोन आकडे उडालेत, बाकी अक्षरं शाबूत. एफएमची पट्टी १००वर संपते, त्यामुळे आकाशवाणीचं १०५.४ यावर लागणार नाही. ट्यूनर ओढून तिथपर्यंत नेता येतो, पण मग डायलवरचा आकडा आणि स्टेशन यांची फारकत होते. आमच्या मते नेऊ नये.

चेंजरमध्ये गोव्याचा पावसाळा आडवा येतो. त्या काळच्या बहुतेक पिकअपमध्ये रोशेल मिठाचा स्फटिक असतो आणि तो दमट हवेत अक्षरशः विरघळतो. इथला विरघळलाय. हात अलगद उचलून सुई बोटाने हलवली तर टीए (तबकडीच्या) बटणावर खसखस ऐकू यायला हवी. जागी सिरॅमिक कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) बसवावं लागेल आणि सुई दोन बाजूंची हवी. एलपीसाठी साधारण २५ मायक्रॉन, ७८साठी ६५ ते ७५. खालच्या कप्प्यात कोकणी कांतारांच्या (गाण्यांच्या) ७८च्या तबकड्या आहेत, त्यांवर एलपीची सुई फिरवली तर ती खाचेच्या तळाला घासत जाते आणि नुसती खरखर ऐकवते. मोटरची फिरकी थाळीला देणारं रबराचं आयडलर चाक कडक होऊन एका जागी चपटं झालंय, म्हणून चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ठक असा आवाज. वेग तपासायला मशीन नको. तबकडीवर कागदाची चिठ्ठी ठेवून ३३च्या वेगाला तीन मिनिटांत १०० फेरे मोजावेत. आपोआप तबकडी पाडणारी यंत्रणा अडकते आहे ती आटलेल्या ग्रीसमुळे. जोर लावून फिरवली तर दात मोडतील.

कॅबिनेट वरून देखणं आहे. खाली झोपून बघितलं तर बैठकीच्या मागच्या पट्टीत वाळवीची माती. पॉलिश मूळचं की नवं हे झडपेच्या आतल्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा लावून कळतं. चपडीचं (लाखेचं) पॉलिश चिकट होतं, जर्मन कारखान्याचं काचेसारखं लॅकर तसंच राहतं. इथे वरचा पल्ला चिकट झाला, बाजू नाही. वरचा मेस्ताने (सुताराने) नंतर केला आहे, चांगला केला आहे, पण मूळचा नाही.

हिशेब असा. दुरुस्त होऊन उभा राहिला तर हा सेट आमच्या अंदाजाने ५० हजारांचा. कपॅसिटर आणि मजुरी ८,५००, कार्ट्रिज ३,०००, आयडलरला नवं रबर २,५००, डोळा मंद आहे म्हणून नवा ईएम८० २,५००, स्पीकरच्या जाळीचं कापड १,५००, बैठकीचं लाकूडकाम ५,०००. झाले २३ हजार. उरले २७. डायल फार बिघडलेली नाही म्हणून ३०पर्यंत जावं, त्यापुढे नाही.

२२ हजारवाला एचएमव्हीचा, डायलवर दिल्ली, कलकत्ता, कोलंबो. एफएम नाही आणि शॉर्टवेव्हवर आता फारसं काही उरलेलं नाही. पण पूर्ण आहे, कोणी हात लावलेला नाही, लाकूड कोरडं. १८ला मिळाला तर तिघांत हाच घ्यावा. तिसरा अमेरिकन, ११० व्होल्ट, ६० सायकलचा (हर्ट्झचा). ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरवता येतं, सायकल नाही. आपल्या ५०वर मोटर सहापैकी पाचच फेरे मारते आणि गायिकेचा गायक होतो. पुली बदलल्याशिवाय उपयोग नाही.

घेतलाच तर टेम्पोत चढवण्यापूर्वी तबकडीची थाळी उचलून वेगळी गुंडाळावी, पिकअपचा हात दोऱ्याने बांधावा आणि चेंजरच्या डेकचे दोन ट्रान्झिट स्क्रू आवळावेत. घरी पोचल्यावर ते सोडायला विसरू नये, नाहीतर मोटरची घरघर थेट स्पीकरमधून ऐकू येते.