जुन्या मैत्रिणीच्या ऑफिसात आठ महिने: ‘चेक्ड बाय’च्या रकान्याबद्दल

परदेशातली सहा वर्षांची नोकरी संपवून मी जुन्या मैत्रिणीबरोबर एकाच ऑफिसात रुजू झाले, त्याला आता आठ महिने झाले. मैत्रिणीच्या ऑफिसात नोकरीला जावं का, असं तिसऱ्या महिन्यात ओळखीतल्या दोघीजणींनी मला विचारलं होतं, तेव्हा “अजिबात जाऊ नका” असं मी ठणकावून सांगितलं होतं. ते मत आता तसंच राहिलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. मैत्रीण आणि मी, दोघीही स्ट्रक्चरल डिझाइनमधल्या, म्हणजे इमारतीचे खांब, बीम, पाया यांचं गणित करणाऱ्या. कॉलेजात चार वर्षं एका बाकावर बसलो, मग ती इथेच राहिली आणि मी बाहेर गेले.

पगार, रजा वगैरे ठीक. फक्त एक सांगते. तिकडे करारातलं कलम न् कलम समजून घेतल्याशिवाय मी सही करत नसे. इथे नोटीस पीरियड किती, जास्तीच्या तासांचं काय, यातलं काहीच विचारलं नाही. तिच्या शब्दावर ऑफर आली होती, आता तिच्यासमोर घासाघीस कशी करायची, असं वाटलं. नोटीस तीन महिन्यांची आहे हे मला दुसऱ्याच कुणाच्या राजीनाम्यावरून कळलं. विचारायला हवं होतं. तिला राग आला नसता.

सुखाची गोष्ट पहिल्याच आठवड्यात मिळाली आणि ती अजून टिकून आहे. तिकडे मीटिंगमध्ये हरकत घ्यायची तर मी आदल्या रात्री वाक्यं जुळवून ठेवायची. इथे ड्रॉइंगवर बोट ठेवून “हा बीम मला पटत नाही” म्हणते, की ती लगेच खुर्ची ओढून बसते. सहा वर्षं मला हे मिळालं नव्हतं आणि आपण कशाला मुकलोय हेही कळलं नव्हतं.

आता दोष. “अगं, तुला माहितीच आहे.” हे वाक्य तिने पहिल्या दोन महिन्यांत किती वेळा म्हटलं असेल! बाकीच्यांनी मला काही सांगितलं नाही, कारण त्यांना वाटलं तिने सांगितलं असेल. तिने सांगितलं नाही, कारण तिला वाटलं मला येतंच. माझ्याच महिन्यात रुजू झालेल्या एका मुलाला दोन दिवस बसवून फाइलींची नावं, रिव्हिजनची पद्धत, शिक्के, सगळं दाखवलं. मला कुणीच बसवलं नाही. बांधकामासाठी मंजूर ड्रॉइंगला तिकडे ‘आयएफसी’ म्हणायचे, इथे ‘जीएफसी’. मी साइटला “आयएफसी आज पाठवते” असं लिहिलं आणि तिथला इंजिनिअर दिवसभर थ्रीडी मॉडेलच्या फाइलची वाट बघत बसला, कारण त्या फाइलच्या फॉरमॅटचं नावही आयएफसीच. त्याचा एक दिवस वाया गेला.

खरी ठेच तिसऱ्या महिन्यात लागली. तिकडे काँक्रीटची ताकद सिलिंडरवर मोजायचे: 150 मिमी व्यास, 300 मिमी उंची, 28 दिवसांनी दाबून फोडायचा. इथे 150 मिमीचा क्यूब. काँक्रीट तेच असलं तरी क्यूब जास्त ताकद दाखवतो. तो बुटका असतो, त्यामुळे दाबणाऱ्या प्लेटांच्या घर्षणाने त्याला वरून-खालून आवळल्यासारखं होतं आणि तो उशिरा फुटतो. सिलिंडर व्यासाच्या दुप्पट उंच, त्याचा मधला भाग मोकळा राहतो. साधारणपणे सिलिंडरचा आकडा क्यूबच्या 80 टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणूनच काँक्रीटच्या प्रतीचं नाव युरोपीय पद्धतीत ‘सी25/30’ असं दोन्ही आकड्यांनी लिहितात, आधी सिलिंडरचा, मग क्यूबचा. इथे प्रतीचं नाव ‘एम30’ असं, आणि त्यातला 30 क्यूबचा.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण इमारतीच्या कॉलमच्या, म्हणजे खांबांच्या, गणितासाठी मी माझीच जुनी एक्सेल शीट वापरली. ती सिलिंडरसाठी बनवलेली, आणि त्या खान्याचं नाव नुसतं ‘ताकद’. हाताने एम30 मधलं 30 टाकलं. खांबाच्या ताकदीतला काँक्रीटचा वाटा 20 ते 25 टक्क्यांनी जास्त धरला गेला.

ती शीट तपासायला मैत्रिणीकडे गेली आणि दहा मिनिटांत परत आली. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत ‘डिझाइन्ड बाय’समोर माझी आद्याक्षरं, ‘चेक्ड बाय’समोर तिची. सळईचे तपशील काढणाऱ्या ज्युनिअर मुलाने दुसऱ्या दिवशी दबक्या आवाजात विचारलं, “मॅडम, हे तीस क्यूबचं की सिलिंडरचं?” ड्रॉइंग अजून साइटवर गेलं नव्हतं. सहा कॉलमची सळई वाढवावी लागली, दोनांचं मापही.

चूक माझी होती, त्यात वाद नाही. पण मला झोप लागेना ती त्या रकान्यामुळे. तो रकाना माझ्यासारखीचा हात चुकेल तेव्हासाठीच असतो. बाहेरून आलेल्या माणसाचा हात तर जुन्या सवयीने चुकणारच. मी तिला विचारलं, “तू शीट उघडली होतीस का?” ती म्हणाली, “तुझी आहे म्हणून नाही उघडली.” तिने हे मायेनेच म्हटलं, हे मला कळत होतं, तरीही आम्ही आठवडाभर कामापुरतंच बोललो. “अजिबात जाऊ नका” हे मी त्याच आठवड्यात सांगितलं होतं.

मत बदललं ते पुढच्या सोमवारी. मी रुजू झाल्यापासून केलेल्या चौदाच्या चौदा शीट तिने प्रिंट काढून आणल्या होत्या. शनिवार-रविवार घरी बसून हाताने तपासलेल्या. प्रत्येक ओळीवर पेन्सिलीची बारीक खूण, जिथे आकडा पुन्हा काढला तिथे समासात तिचं गणित. आणखी एक चूक निघाली, एका फूटिंगच्या (खांबाखालच्या पायाच्या) कव्हरची, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थराची, किरकोळ. शेवटच्या पानावर तिने लिहिलं होतं, “हे मी तेव्हाच करायला हवं होतं.” ती पानं मी जपून ठेवली आहेत.

त्याच दिवशी आम्ही दोघींनी साहेबांकडे जाऊन सांगितलं, की यापुढे आम्ही एकमेकींचं काम तपासणार नाही. दर सोमवारी अर्धा तास मी इथल्या पद्धतींचे प्रश्न विचारते आणि ती मला नवखी समजून उत्तरं देते. सुरुवातीला दोघींना अवघडल्यासारखं झालं. आता तीच म्हणते, की उत्तर देताना इथल्या निम्म्या पद्धती का आहेत हे तिलाही पहिल्यांदाच शोधावं लागलं.

तेव्हा जायचं का? मी आता हो म्हणेन, पण आधी दोन गोष्टी विचारा: तुमचं काम कोण तपासणार, आणि पहिल्या आठवड्यात तुम्हाला कोण बसून शिकवणार. दोन्हींचं उत्तर ‘मैत्रीण’ असेल, तर रुजू होण्याआधी बदलून घ्या. तिथे भीड ठेवू नका. पगाराबद्दल मी ठेवली, ती मला परवडली.

माझ्या शीटमधल्या त्या खान्याचं नाव आता ‘क्यूब ताकद, 28 दिवस’ आहे. परवाच्या ड्रॉइंगवर ‘चेक्ड बाय’समोर त्याच ज्युनिअरची आद्याक्षरं आहेत. त्याने तीन ठिकाणी लाल गोल केलेत. दोन बरोबर आहेत. तिसऱ्यावरून आमचं अजून चालू आहे.