डॉलर चढला: भाव वाढवायचा, फॉरवर्ड घ्यायचा की थांबायचं?

भोसरी, सातपूर किंवा शिरोलीतल्या छोट्या कारखान्याचं नेहमीचं चित्र घेऊ. तैवानहून सुट्या भागांची ऑर्डर गेली आहे. बिल २०,००० डॉलरचं आहे आणि पैसे ९० दिवसांनी द्यायचे आहेत. ऑर्डर दिली तेव्हा डॉलर ८५ रुपये होता, आता तो वर सरकतोय. (८५ हा आकडा हिशेबाच्या सोयीसाठी धरला आहे. तुमच्या बँकेचा आजचा दर घालून सगळी मांडणी पुन्हा करा.)

अशा वेळी जो तो विचारतो, ‘रुपया आणखी पडेल का?’ याचं खात्रीचं उत्तर कुणाकडेच नसतं, आणि निर्णयासाठी ते लागतही नाही. विचारायचं ते वेगळंच: बँकेत डॉलरचे पैसे भरायच्या दिवसापर्यंत तुमचा विक्रीभाव बदलू शकतो, की तो आधीच बांधला गेला आहे? पुढची सगळी तुलना या एका गोष्टीवर उभी आहे.

रुपया पडला की काय, कधी महागतं?

रुपया घसरला की सगळं त्याच प्रमाणात महागतं, असं होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या पतधोरण अहवालांतला अंदाज असा होता की रुपया गृहीत पातळीपेक्षा ५ टक्क्यांनी घसरला, तर महागाईचा दर सुमारे ०.३५ टक्क्यांनी वाढू शकतो. पाच टक्क्यांतलं एवढंच वर दिसतं, कारण ग्राहकाच्या टोपलीत भाजी, दूध, घरभाडं, शिकवणी अशा देशांतर्गत गोष्टी जास्त असतात. शिवाय मधल्या साखळीत कुणी ना कुणी तोटा अंगावर घेतो.

पण हा झाला सरासरीचा आकडा. प्रत्येक मालाची तऱ्हा निराळी.

सोनं आणि तांबं यांचा देशातला भाव म्हणजे परदेशातला डॉलर भाव गुणिले रुपयाचा दर, अधिक शुल्क. डॉलर सकाळी हलला की दुपारी सराफाचा आणि धातूच्या व्यापाऱ्याचा भाव हललेला असतो. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून येतं आणि त्याचाही हिशेब असाच. फक्त किरकोळ पिशवीवर भाव उमटायला काही आठवडे जातात. दुसऱ्या टोकाला युरिया. ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला वर्षानुवर्षं २६६ रुपये ५० पैशांनाच मिळत आली. रुपया पडल्याचा बोजा अनुदानाच्या खात्यात जातो, दुकानाच्या फळ्यावर दिसत नाही. पेट्रोल-डिझेल या दोहोंच्या मध्ये. जून २०१७ पासून रोज भाव बदलण्याची पद्धत आहे, पण २०२२ नंतर पंपावरचा आकडा बराच काळ जागचा हलला नाही. चढउतार तेल कंपन्यांच्या नफ्यातोट्यात जिरला.

शुल्काचा फटका तर विनिमय दरापेक्षा मोठा असू शकतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर गेलं आणि मे २०२५ अखेर १० टक्क्यांवर आलं. सोन्यावरचं शुल्क जुलै २०२४ मध्ये १५ वरून ६ टक्क्यांवर उतरलं. एका अधिसूचनेने भाव जेवढा हलला, तेवढा हलवायला रुपयाला एरवी काही वर्षं लागतात. म्हणून मालाचा भाव कशामुळे हलला हे न तपासता ‘डॉलरमुळे’ म्हणून मोकळं होणं धोक्याचं.

आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात राहत नाही. माल तैवानचा असो की कोरियाचा, बिल बहुधा डॉलरमध्येच असतं. त्यामुळे तैवानचं चलन घसरलं म्हणून माल आपोआप स्वस्त होत नाही. स्वस्ताई हवी असेल तर पुरवठादाराशी डॉलरचा भाव पुन्हा बोलावा लागतो.

एकाच बिलाचा हिशेब

समजा मूळ शुल्क ७.५ टक्के, त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार आणि १८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी). डॉलर ८५ असताना माल १७,००,००० रुपये, शुल्क १,२७,५००, अधिभार १२,७५०, एकूण १८,४०,२५०. डॉलर ८८ झाला की माल १७,६०,०००, शुल्क १,३२,०००, अधिभार १३,२००; एकूण १९,०५,२००. खर्च ६४,९५० रुपयांनी वाढला. मालाच्या ६० हजारांखेरीजचे ४,९५० रुपये शुल्काचे, कारण शुल्कही रुपयातल्या किमतीवरच लागतं. आयजीएसटी ११,६९१ रुपयांनी वाढतो, पण त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो पुढे भरायच्या जीएसटीतून वळता होतो. तो खर्च नव्हे, अडकलेला पैसा.

इथे पहिला घोटाळा होतो. शुल्क ज्या दराने मोजतात तो सीमाशुल्क खात्याचा दर, जो महिन्यातून दोनदा जाहीर होतो. पुरवठादाराला पैसे जातात ते बँकेच्या त्या दिवशीच्या विक्री दराने. माल सुटतो एका दराने, पैसे जातात दुसऱ्याने. फॉरवर्ड (पुढच्या तारखेचे डॉलर आजच ठरवलेल्या दराने घ्यायचा बँकेशी करार) घेतला तरी तो फक्त दुसऱ्या दराला लागू पडतो, शुल्काला नाही.

तीन मार्ग, तीन निकाल

आजचा डॉलर ८५ च धरला, तर तीन महिन्यांचा फॉरवर्ड ८५.५५ ला मिळतोय आणि ८५.५० चा दर बांधणारा कॉल ऑप्शन (त्या दराने डॉलर घ्यायचा हक्क, सक्ती नाही) डॉलरमागे ८० पैशांना, असं धरू. दोन्ही आकडे उदाहरणाचे. ‘खुलं ठेवलं’ म्हणजे आधी काहीच न बांधता त्या दिवशीच्या दराने डॉलर घेतले. २०,००० डॉलरसाठी एकूण लागणारे रुपये:

| ९० दिवसांनी डॉलर | खुलं ठेवलं | फॉरवर्ड | ऑप्शन |
|---|---|---|---|
| ८८ | १७,६०,००० | १७,११,००० | १७,२६,००० |
| ८५ | १७,००,००० | १७,११,००० | १७,१६,००० |
| ८३ | १६,६०,००० | १७,११,००० | १६,७६,००० |

फॉरवर्डचा दर आजच्या दरापेक्षा ५५ पैसे वर दिसतो म्हणून ‘बँकेलाही रुपया पडणार असंच वाटतंय’ हा अर्थ काढू नका. तो फरक मुख्यतः भारत आणि अमेरिकेतल्या व्याजदरांतल्या तफावतीचा असतो, वर बँकेचं मार्जिन, म्हणजे तिचा नफा. ५५ पैशांत व्याजाचा भाग किती आणि मार्जिन किती, हे बँकेला स्वतंत्र विचारा. छोट्या खातेदाराला सर्वांत जास्त फसवणारी जागा हीच. क्लिअरिंग कॉर्पोरेशनचा एफएक्स-रिटेल हा छोट्या ग्राहकांसाठीचा डॉलर खरेदी-विक्रीचा मंच २०१९ पासून चालू आहे. निदान तिथला दर पाहून बँकेशी घासाघीस करता येते.

खुलं ठेवणं. हे फुकट वाटतं, पण यात जोखमीची किंमत आपण मोजलेली नसते, एवढंच. खुलं ठेवून भाव वाढवायचा बेत असेल, तर गिऱ्हाईक ती वाढ किती दिवसांत मान्य करतं ते बघा. वाढ किती करायची याचंही गणित आहे. ५ लाखांच्या यंत्रात आयात भागाचा वाटा ३५ टक्के असेल आणि डॉलर ८५ वरून ८८ झाला, तर योग्य वाढ सुमारे ६,१७६ रुपये, म्हणजे सव्वा टक्का. साडेतीन टक्के डॉलर चढला म्हणून यंत्राचा भाव साडेतीन टक्के चढवला, की ऑर्डर शेजारच्या शेडमध्ये गेलीच समजा.

फॉरवर्ड. दर पक्का होतो, म्हणजे फायदाही पक्का सोडावा लागतो. बँक मार्जिन मनी (अनामत) मागते किंवा तुमच्या कर्जमर्यादेतून रक्कम अडवते. याची खरी अडचण दराची नाही, तारखेची. २०२३ अखेरीपासून तांबड्या समुद्राऐवजी आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या जहाजांना १० ते १४ दिवस जास्त लागू लागले. युरोपहून माल मागवणाऱ्याचा माल आला नाही, बिल आलं नाही, आणि इकडे फॉरवर्डची तारीख उलटली. मग करार रद्द करून पुन्हा बुक करायचा, आणि मधल्या काळात डॉलर उतरला असेल तर तो फरक तुमच्या खात्यातून जातो. उपाय सोपा आहे: एका ठरावीक तारखेऐवजी काही दिवसांची खिडकी देणारा करार मागा, आणि खिडकी बिलाच्या तारखेच्या थोडी पुढे ठेवा. याला ‘ऑप्शन फॉरवर्ड’ म्हणतात. वरच्या तक्त्यातल्या ऑप्शनशी त्याचा संबंध नाही. नावाच्या या घोळात शाखेतली माणसंही अडकतात.

ऑप्शन. पीक विम्यासारखा. हप्ता आधी भरायचा. रुपया सुधारला तर हप्ता गेला, पण स्वस्त डॉलर मिळाला. जिथे ऑर्डर मिळेल की नाही हेच नक्की नाही, म्हणजे टेंडर भरलंय पण उघडलेलं नाही, तिथे ऑप्शन शोभतो. तिथे फॉरवर्ड घेतला आणि टेंडर हुकलं, तर गरज नसलेले डॉलर गळ्यात पडतात.

शेअर बाजारातले चलन फ्युचर्स (पुढच्या तारखेच्या डॉलर दराचे बाजारात विकले-घेतले जाणारे करार) हा चौथा मार्ग. एक लॉट १,००० डॉलरचा, म्हणजे आपल्या बिलाला २० लॉट. त्यात डॉलर हातात येत नाहीत, फक्त फरकाची रोख जमा-वजा रोजच्या रोज होते. डॉलर शेवटी बँकेकडूनच घ्यावे लागतात. मूळ व्यवहार, म्हणजे डॉलरचं खरं देणं-घेणं, असलाच पाहिजे हा नियम २०२४ मध्ये ठासून लागू झाल्यापासून तिथली उलाढालही आटली आहे. २०,००० डॉलरच्या बिलासाठी रोजच्या मार्जिन मनीची ही डोकेदुखी घेऊ नये, असं आमचं मत.

कुणी काय निवडावं?

दोन कारखाने शेजारीशेजारी ठेवून पाहू. पहिला तांब्याची वाइंडिंग वायर करतो आणि रोजच्या धातुभावावर विकतो. त्याचा विक्रीभाव डॉलरबरोबरच हलतो. त्याने तीन महिन्यांचा फॉरवर्ड घेतला आणि रुपया सुधारला, तर बाजारभाव उतरेल, स्पर्धक स्वस्त विकतील आणि याच्याकडे महाग डॉलरचा माल पडून राहील. जोखीम टाळायला घेतलेल्या फॉरवर्डनेच याला जोखीम आणली. याने फॉरवर्ड घ्यावा तो विक्रीभाव ठरेल त्याच दिवशी आणि तेवढ्याच मालाचा.

दुसरा कारखाना नियंत्रण पॅनेल बनवतो. आतले पीएलसी (यंत्र चालवणारे छोटे नियंत्रक संगणक) आयात केलेले, आणि पुरवठा एका सरकारी टेंडरवर सहा महिने एकाच भावाने. याला भाव वाढवायचा मार्गच नाही. याने वर्क ऑर्डर हातात पडली त्या दिवशी फॉरवर्ड घ्यावा, ‘दर जरा उतरू दे’ म्हणत बसू नये.

बहुतेक लोक या दोघांच्या मधे असतात: अर्धा माल ठरलेल्या भावाने, अर्धा चालू भावाने. त्यांनी ठरलेल्या भागापुरतंच कव्हर, म्हणजे फॉरवर्ड किंवा ऑप्शन, घ्यावं, आणि तेही एकदम नको. २८ ऑगस्ट २०१३ ला डॉलर ६८ च्या वर बंद झाला. त्याच वर्षी मेमध्ये तो ५५ च्या आसपास होता आणि ऑक्टोबरात पुन्हा ६१-६२ वर आला. ऑगस्टच्या त्या आठवड्यात घाबरून वर्षभराचे डॉलर एकदम बांधणाऱ्यांना पुढचे महिने भारी गेले. तीन हप्त्यांत बुकिंग केलं तर चूक झाली तरी तिसऱ्या हिश्श्याची होते.

निर्यातही करणाऱ्यांनी आधी आपलेच डॉलर मोजावेत. निर्यातीतून ईईएफसी खात्यात (निर्यातदाराला कमाई परकीय चलनातच ठेवता येणारं बँक खातं) आलेले डॉलर आयातीच्या बिलाला वापरले की दोन्हीकडचं बँकेचं मार्जिन वाचतं. मात्र चलन तेच हवं. नाशिकचा द्राक्ष निर्यातदार युरो कमावतो आणि डॉलरमध्ये देणी देतो, तेव्हा युरो-डॉलरची जोखीम तशीच उरते.

कोटेशनमधली एक ओळ

फॉरवर्ड, ऑप्शन यांच्या आधी करायची गोष्ट बिनपैशाची आहे. कोटेशनच्या तळाशी असं लिहा: ‘भाव १ डॉलर = ८५ रुपये धरून. एफबीआयएलचा संदर्भ दर या पातळीपासून २ टक्क्यांहून अधिक हलल्यास भावाच्या ३५ टक्के भागात त्या प्रमाणात वाढ वा घट होईल. कोटेशन १५ दिवस वैध.’

(एफबीआयएल ही रुपया-डॉलरचा संदर्भ दर जाहीर करणारी संस्था.) अशा ओळीत बहुधा चार जागा चुकतात. कोणता दर ते लिहिलेलं नसतं, मग गिऱ्हाईक गूगलवरचा दर दाखवतं आणि तुम्ही बँकेचा. कोणत्या दिवसाचा दर ते नसतं; वरच्या ओळीतही तो दिवस तुम्ही भरायचा आहे. बिल ऑफ एंट्रीचा (माल सोडवताना सीमाशुल्क खात्याला द्यायच्या कागदाचा) दिवस की पैसे भरल्याचा, हे स्पष्ट हवं. ३५ टक्के हा वाटा खरेदी खर्चाचा की विक्रीभावाचा, हे सांगितलेलं नसतं. वरचा हिशेब विक्रीभावाचा आहे. आणि ‘घट’ हा शब्द गाळलेला असतो. तो गाळला की खरेदी विभाग अख्खी ओळच खोडून पाठवतो.